‘मी बाय आहे’ हे आईला मराठीत कसं सांगू?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारी मुलगी २७ वर्षांची, घर साताऱ्याकडचं, नोकरी पुण्यात. कॉलेजात चार वर्षं बॉयफ्रेंड होता आणि ते प्रेम खरं होतं असं ती म्हणते. आता दोन वर्षं एका मुलीबरोबर आहे. मित्रमैत्रिणींत ‘आय ॲम बाय’ (बाय म्हणजे बायसेक्शुअल, पुरुषावरही आणि बाईवरही प्रेम करता येणारी) असं ती सहज म्हणून जाते, पण घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय, आईला सांगायचं ठरवलंय आणि मराठीत तोंडच उघडत नाहीये. तिचंच वाक्य देते: ‘शोधलं तर उभयलिंगी असा शब्द आला, तो वाचून मलाच कसंतरी झालं. मी नक्की कोण आहे आणि ते आईला कुठल्या शब्दात सांगू?’

मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते, १९ वर्षं झाली. तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

पहिली गोष्ट, तू एक प्रश्न विचारलायस असं तुला वाटतंय पण ते दोन आहेत. एक, मी कोण. दुसरा, आईला काय म्हणू. या दोन्हींचं उत्तर एकाच शब्दात मिळेल अशी तुझी अपेक्षा आहे आणि माझ्या मते अडकायला तिथेच होतंय. स्वतःसाठी लागणारा शब्द वेगळा असतो आणि आईशी बोलायला लागतो तो वेगळा, कधीकधी तर तिथे शब्द लागतच नाही, वाक्य लागतं. ते कसं हे खाली सांगते, जरा लांबेल पण घाई करू नकोस.

मी कोण, याबद्दल माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी वेगळ्या करायला लावते. मन कुणाकडे ओढ घेतं ही एक. प्रत्यक्षात आयुष्यात कुणाबरोबर काय घडलं ही दुसरी. आणि आपण स्वतःला काय म्हणवतो ही तिसरी. या तिन्ही जुळल्याच पाहिजेत असं काही नाही. एचआयव्हीच्या कामात हे फार आधी लक्षात आलं होतं. पुरुषांना विचारलं की तू समलिंगी आहेस का, तर नाही म्हणायचे, आणि ते खोटं नसायचं, घरी बायको, दोन पोरं, स्वतःबद्दल तो शब्द त्यांच्या मनातच नव्हता. म्हणून त्या कार्यक्रमांत ‘एमएसएम’ असा शब्द आला, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, काय करता एवढंच विचारायचं, कोण आहात ते विचारायचं नाही. पण त्याच माणसांचे आपापसातले शब्द मात्र जिवंत होते, कोथी, पंथी, डबल डेकर. बायकी वळणाचा तो कोथी, त्याचा मर्दानी जोडीदार पंथी, दोन्ही करणारा डबल डेकर. हे शब्द कुठल्या पुस्तकात जन्मले नाहीत, स्टेशनवर, बागेत, एकमेकांना ओळखायच्या गरजेतून तयार झाले. बायकांसाठी असा रस्त्यावर घडलेला शब्द मी मराठीत कधी ऐकला नाही, आणि मला वाटतं कारण साधं आहे, रात्री नऊ वाजता स्टेशनवर रेंगाळत उभं राहायची मुभा बायकांना होती कुठे? शब्द घडायला चार माणसं एकत्र जमावी लागतात.

म्हणून तुझ्याकडे ‘बाय’ हा इंग्रजी शब्द आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ हा बायकांचा गट सुरू झाला तेव्हापासून लेस्बियन आणि बायसेक्शुअल हे दोन्ही शब्द इथल्या बायका स्वतःसाठी वापरतायत. तीस वर्षं वापरलेला शब्द परका राहत नाही. टेबल, स्टेशन, डॉक्टर आपण कधीच आपले केलेत.

आता बाय असण्याबद्दल एक गैरसमज, जो तुझ्या प्रश्नातही मला दिसला. तू लिहिलंयस की ‘आता मला मुलगे फारसे आवडत नाहीत, मग मी बाय आहे की आधी कन्फ्यूज होते?’ अगं, बाय म्हणजे पन्नास-पन्नास टक्के असं माप नसतं. १९४८ साली अमेरिकेत किन्सी नावाच्या संशोधकाने हजारो पुरुषांशी बोलून ० ते ६ अशी मोजपट्टी मांडली, एका टोकाला फक्त भिन्नलिंगी आकर्षण, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, मधे बाकी सगळे. त्या पट्टीवर आज मी बरीच टीका करू शकते, पण मधली जागा रिकामी नसते एवढं तिने दाखवून दिलं. आणि माणूस त्या जागेवर आयुष्यभर खिळा ठोकून बसलेला असतो असंही नाही. तुझ्या कॉलेजमधल्या त्या चार वर्षांना आज खोटं ठरवायची गरज नाही आणि आजच्या दोन वर्षांना ‘फेज’ म्हणायचीही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाय मुलींचं सगळ्यात जास्त दुखतं ते इथेच, घरचे म्हणतात हा नाद आहे सुटेल, आणि लेस्बियन मैत्रिणी म्हणतात तू शेवटी लग्न करून जाशील. दोन्हीकडून एकच सांगणं, की तू खरी नाहीस. तुला ‘बाय’ हा शब्द बसतो का हे ठरवायचा अधिकार फक्त तुझा, उद्या बसेनासा झाला तर बदल, कुणाला स्पष्टीकरण द्यायला नको. मला विचारशील तर तू जे लिहिलंयस त्यावरून तो तुला छान बसतो.

झालं, तो अर्धा प्रश्न तसा सोपा होता. आता मराठी.

आपल्याकडे या विषयाचे जेवढे म्हणून शब्द आहेत ते बहुतेक चार दरवाजांनी आले, दवाखाना, कोर्ट, शाळेचं पुस्तक आणि शिवी. मूळ ‘होमोसेक्शुअल’ शब्दच बघ, १८६९ साली केर्टबेनी नावाच्या हंगेरियन लेखकाने तो जर्मन भाषेत छापला, तोही प्रशियातल्या शिक्षेच्या कायद्याविरुद्ध बोलताना, म्हणजे बाजूने. पण नंतर डॉक्टरांनी उचलला आणि आजारांच्या यादीत नेऊन ठेवला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली तो यादीतून काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. पण मधल्या शंभरेक वर्षांत त्याची भाषांतरं जगभर पोचली, आणि मराठीत ‘समलिंगी’, ‘समलैंगिक’ हे शब्द असे संस्कृतातून जोडून आले. त्यात आपल्याकडे ३७७ कलम, १८६० च्या कायद्यातलं, असे संबंध गुन्हा ठरवणारं, त्याच्यामुळे बातम्यांत कायम ‘अनैसर्गिक कृत्य’. तुझ्या आईच्या पिढीने हे शब्द ऐकले ते असे, गुन्ह्याच्या बातमीत. ‘समलिंगी संबंधातून खून’ असला मथळा. प्रेमाच्या संदर्भात हा शब्द तिने कधी ऐकलेलाच नाही, तो ऐकून तिचा चेहरा पडला तर ते तुझ्यामुळे असेलच असं नाही, त्या मथळ्यामुळेही असेल.

शिवाय ‘लिंग’ या शब्दाचीच मराठीत पंचाईत आहे. व्याकरणात लिंग, शंकराच्या देवळात लिंग, फॉर्मवर लिंग, आणि शरीराचा अवयवही लिंग. घरात बायका हा शब्द उच्चारतात तो फक्त देवळाच्या संदर्भात. तू जेव्हा आईसमोर ‘समलिंगी’ म्हणशील तेव्हा तिच्या कानावर आधी काय पडेल याचा विचार कर. ‘समलैंगिक’ म्हटलं तर त्याहून अवघड, कारण ‘लैंगिक’ म्हटलं की डोळ्यासमोर फक्त शरीरसंबंध येतो, लैंगिक अत्याचार, लैंगिक शिक्षण. लिहिताना मी स्वतः समलिंगी हा शब्द वापरते, कार्यशाळेत, पोलिसांसमोर, शिक्षकांसमोर मोठ्याने वापरते कारण तो वापरूनच त्यातली घाण निघणार आहे. पण ते माझं काम आहे. आईशी पहिल्यांदा बोलताना ते ओझं तू उचलू नकोस.

आणि ‘उभयलिंगी’. तुला कसंतरी झालं ते अगदी बरोबर झालं. शाळेत विज्ञानात काय शिकलो आठव, जास्वंदीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात म्हणून ते उभयलिंगी फूल, पपईचं एकलिंगी. गांडूळ उभयलिंगी. म्हणजे या शब्दाचा मराठीतला घट्ट बसलेला अर्थ आहे ‘एकाच शरीरात दोन्ही अवयव’. कुणीतरी बायसेक्शुअलसाठी तोच उचलला, आणि आता एखाद्या आईला ‘मी उभयलिंगी आहे’ असं सांगितलं तर ती मुलीच्या शरीरात काही दोष आहे का म्हणून घाबरते. हे माझ्यासमोर घडलेलं आहे. एका आईने दुसऱ्या दिवशी मुलीला बाईडॉक्टरकडे नेलं सोनोग्राफीला, त्या बिचाऱ्या मुलीला काय वाटलं असेल ते तूच समज. असंच ‘अलैंगिक’चं, ज्यांना लैंगिक आकर्षण वाटत नाही त्यांच्यासाठी तो वापरतात पण आपल्या डोक्यात अमीबाचं अलैंगिक प्रजनन. तेव्हा घरी उभयलिंगी नको, हे मी ठामपणे सांगते.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो तो जाता जाता सांगते, कारण इथे वाचणारे मुलगेही असतील. ‘गे’ म्हटलं की बऱ्याच आईवडिलांना तृतीयपंथी वाटतं, दक्षिण महाराष्ट्रात तर थेट देवीला वाहिलेला, साडी नेसणारा जोगत्या आठवतो, आणि पहिला प्रश्न येतो ‘म्हणजे तू साडी नेसणार का?’ तिथे शांतपणे सांगावं लागतं की मी पुरुष आहे, पुरुषच राहणार आहे, माझं प्रेम पुरुषावर आहे. आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण आवडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण हे सांगताना तृतीयपंथीयांना खाली ढकलून ‘मी तसला नाही हो’ असं म्हणू नये एवढी माझी प्रत्येकाला विनंती असते. समलिंगी माणसांसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेने २००२ साली स्वतःचं नाव ‘समपथिक’ ठेवलं, सोबतीने एका वाटेवर चालणारा, मला तो शब्द फार आवडतो कारण त्यात लिंगही नाही आणि आजारही नाही. पण तो संस्थेचं नाव म्हणूनच राहिला, बोलण्यात आला नाही, आला असता तर किती बरं झालं असतं.

मग वापरायचं काय? माझा अनुभव असा की मराठीत या विषयाची नामं वाईट आहेत पण क्रियापदं फार चांगली आहेत. नाम सोड, क्रियापदाकडे जा. ‘मी अमुक आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘माझं असं असं झालंय’ म्हण. माझा जीव तिच्यावर जडलाय. माझं तिच्यावर प्रेम आहे. मला तिच्याबरोबर राहायचंय. ही वाक्यं आईला भाषांतर न करता कळतात, तिने ती आयुष्यभर ऐकलीत.

आणि मराठीचं एक वैशिष्ट्य तुझ्या लक्षात आलं असेलच, ही भाषा लपवू देत नाही. इंग्रजीत ‘आय ॲम सीइंग समवन’ म्हटलं की विषय झाकला जातो, मराठीत आवडतो म्हण नाहीतर आवडते म्हण, क्रियापद सांगून टाकतं. म्हणून लपवणारे लोक मराठीत काय काय कसरती करतात ते मी इतकी वर्षं ऐकत आलेय. कुणी नपुंसकलिंगात बोलतं, ‘आहे कुणीतरी, आवडतं मला’. कुणी आदरार्थी, ‘ते ऑफिसमधलेच आहेत’. सगळ्यात जास्त ‘आम्ही’, आम्ही महाबळेश्वरला गेलो, आम्ही जेवलो, ‘आम्ही गेलो’मध्ये बाईमाणूस कळत नाही. माझ्याकडे एकजण सहा वर्षं आईशी फोनवर असा ‘आम्ही’त बोलत होता, आणि एक दिवस चुकून ‘तो आला की जेवतो’ असं तोंडातून गेलं आणि पलीकडे आई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, ‘बरं, त्याला काय आवडतं जेवायला?’ तिला माहीत होतं गं. सहा वर्षांच्या ‘आम्ही’तून न कळण्याइतक्या आया भोळ्या नसतात. प्रत्येकीचं असं होतं असं मी म्हणणार नाही, पण तू आईशी बोलताना गेली दोन वर्षं कुठली क्रियापदं वापरतेयस ते एकदा आठवून बघ. कदाचित तिला निम्मं कळलेलं असेल.

क्रियापदात एक खड्डा मात्र आहे. ‘आवडणं’ हे फार पसरट क्रियापद आहे, आंबे आवडतात, मालिका आवडते, मैत्रीण आवडते. तू म्हणशील ‘आई, मला ती आवडते’ आणि आई म्हणेल, ‘अगं आवडणारच की, चांगली आहे पोरगी, मागे आली होती तेव्हा भांडीसुद्धा घासू लागली.’ आणि तुझी सगळी हिंमत त्या एका वाक्यात वाहून जाईल. दोन बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं कारण मैत्रिणी गळ्यात गळे घालून फिरल्या, एका पांघरुणात झोपल्या तरी आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही. तेव्हा एक शब्द असा हवा की जो मैत्रीच्या पुढे नेईल, आणि तो शब्द मराठीत आहे, संसार.

एक बैठक तुला सांगते, माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदललेत. मुलगी तिशीची, आई गावाकडून आलेली, नऊवारीतली. मुलगी घरून पाठ करून आली होती, म्हणाली, ‘आई, मी लेस्बियन आहे.’ आईने माझ्याकडे बघून विचारलं, ‘म्हणजे कशाचा आजार?’ मुलगी म्हणाली, ‘आजार नाही, समलिंगी.’ आईने पदर तोंडाला लावला आणि दाराकडे बघितलं, बाहेर कुणी ऐकलं तर नाही ना. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मी मुलीला म्हटलं, तू ते शब्द बाजूला ठेव, तुझ्या मनात काय आहे ते सांग. ती रडायला लागली आणि म्हणाली, ‘मला लग्न नको असं नाहीये गं, मला तिच्याबरोबर संसार करायचाय.’ आईने मान वर केली. ‘संसार म्हणजे? भांडीकुंडी घेऊन?’ ‘हो, भांडीकुंडी घेऊन.’ ‘आणि दुखलंखुपलं तर कोण बघणार तुमचं?’ मुलगी म्हणाली, ‘मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला तेव्हा आठ रात्री दवाखान्यातल्या बाकड्यावर तीच झोपली होती, तुला सांगितलं होतं ऑफिसची मैत्रीण म्हणून.’ त्या आईने त्या दिवशी मान्य केलं असं नाही. जाताना एवढंच म्हणाली, ‘बाबांना सांगू नकोस एवढ्यात.’ पण ‘कशाचा आजार’ पासून ‘बाबांना सांगू नकोस’ पर्यंतचा प्रवास तासाभरात झाला, आणि तो ‘संसार’ या शब्दावरून झाला.

म्हणून तुला माझं सुचवणं असं की पहिल्या वेळी आईशी बोलताना ‘मी बाय आहे’ हे वाक्य पहिलं नको, ‘ती’ पहिली असू दे. साधारण असं काहीतरी: ‘आई, स्थळं बघू नका. मी दोन वर्षं एकीबरोबर आहे, माझं तिच्यावर प्रेम आहे, नवराबायकोत असतं तसं. मला तिच्याबरोबर संसार करायचाय.’ हे माझे शब्द झाले, तू तुझ्या घरच्या बोलीत आण, साताऱ्याकडे तुम्ही जसं बोलता तसं, पुस्तकी मराठीत बोललीस तर आईला वाटेल कुणीतरी शिकवून पाठवलंय.

आता बाय असण्याचा खास पेच. आईला तुझा तो कॉलेजचा मुलगा माहीत आहे की नाही हे तू लिहिलं नाहीयेस आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. माहीत असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत म्हणेल, ‘मग तो कोण होता?’ किंवा ‘दोन्ही आवडतात ना तुला, मग मुलगाच कर की.’ याची भीती वाटते म्हणून बऱ्याच जणी सल्ला देतात की सरळ लेस्बियन सांगून टाक, विषय संपतो. मी याच्या विरुद्ध आहे. एक तर ते खरं नाही, आणि जी गोष्ट आपण आयुष्यातली सगळ्यात खरी म्हणून सांगायला बसलोय तिची सुरुवात खोट्याने करू नये. दुसरं म्हणजे आई विसरत नाही, चार वर्षांनी कधीतरी जुना फोटो सापडेल आणि म्हणेल तू तेव्हा खोटं बोललीस की आता. त्यापेक्षा सरळ सांग की हो, त्याच्यावर माझं प्रेम होतं, ते संपलं, आता हिच्यावर आहे, आणि मला मुलगा की मुलगी असं दुकानात उभं राहून निवडायचं नाहीये, माणूस मिळालंय मला. ‘बाय’ हा शब्द इथे आणता येईल, आईने विचारलं तर. ‘याला बायसेक्शुअल म्हणतात, म्हणजे ज्यांना बाईवरही प्रेम करता येतं आणि पुरुषावरही.’ आधी गोष्ट आणि मग नाव, या क्रमाने नाव पचतं. आधी नाव सांगितलं तर ती त्या नावाशीच भांडत बसते.

‘लैंगिक कल’ हा शब्दही तुला कुठेतरी वाचायला मिळेल, भाषांतरात तो चांगला आहे, कल म्हणजे झुकाव, दहावीच्या कलचाचणीमुळे तो घरोघरी माहीत आहे. पण त्यातच त्याची अडचण आहे, कल बदलता येतो असं आईला वाटतं, सायन्सचा कल नसला तरी क्लास लावून करून घेतोच की आपण. मी त्याऐवजी ‘घडण’ म्हणते. माझी घडणच अशी आहे. त्यात कुणी बिघडवलं हा प्रश्नच येत नाही, आणि तो प्रश्न नक्की येणार आहे, संगत वाईट, पुण्याची हवा, कुणीतरी काहीतरी खायला घातलं, इथपर्यंत.

आणि मग डॉक्टर. ‘आपण कुणाला तरी दाखवू या’ हे आई म्हणाली तर लगेच चिडू नकोस, तिला मदत हवीय असा त्याचा अर्थ घे. पण कुणाकडे जायचं ते तू ठरव. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळायला हवेत असं लिहिलंय, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असं ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राज्यांच्या परिषदांना कळवलं. त्यामुळे कुणी औषधाने, शॉकने, संमोहनाने मुलीला नीट करतो म्हणाला तर तिथून उठून यायचं, पैसेही द्यायचे नाहीत. कायद्याचं ती विचारेल, तर खरं तेच सांग, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला तेव्हापासून दोन सज्ञान माणसांचं असं प्रेम हा गुन्हा नाही, पण लग्नाला मान्यता नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने ती दिली नाही. ‘सगळं होईल गं’ असं खोटं आश्वासन देऊ नकोस, आयांना ते कळतं.

आता ज्याच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे ते. शब्द कितीही चांगला निवडला तरी वेळ आणि जागा चुकली तर उपयोग नाही. तुझा पगार तुझ्या खात्यात येतो का, घर सोडायची वेळ आली तर पुण्यातली खोली तुझ्या नावावर आहे का, तुझी कागदपत्रं कुठे आहेत, वडिलांचा किंवा भावाचा हात उठतो का, यांची उत्तरं मला माहीत नाहीत, तुला आहेत. यातल्या एकाचंही उत्तर भीतीदायक असेल तर आत्ता सांगू नकोस. स्थळं टाळायला ‘अजून दोन वर्षं नाही’ एवढं म्हणणं हा भित्रेपणा नाही, ते शहाणपण आहे. सांगायचंच असेल तर लग्नसराईत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, गणपतीत नको, आणि साताऱ्याला जाऊन रात्री नको जिथून परत निघायला गाडी नाही. माझ्याकडच्या बऱ्याच जणींनी आईला पुण्याला बोलावून घेऊन, स्वतःच्या खोलीत, स्वतः चहा करून सांगितलंय, ते बरं पडतं. मनावर फार ताण आला तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, मराठीत बोलता येतं. कोंडून घातलं, फोन काढून घेतला असं काही झालं तर ११२. असं काही होणार नाही अशीच आशा करू, पण हे नंबर कुणातरी एका मैत्रिणीला देऊन ठेव आणि सांग की रात्री आठपर्यंत माझा मेसेज आला नाही तर फोन कर.

एवढं वाचून गोंधळ झाला असेल तर पुन्हा एकदा, स्वतःसाठी आणि मित्रमैत्रिणींत बाय हा शब्द छान आहे, ठेव. घरी उभयलिंगी अजिबात नको. समलिंगी, लैंगिक वगैरे पहिल्या बोलण्यात नको. प्रेम, जीव, संसार, घडण हे शब्द आईच्या ओळखीचे आहेत, तिथून सुरुवात कर, आणि बायसेक्शुअल हे नाव तिने विचारल्यावर, खरं खरं.

अजून एक काम आहे, ते आईशी बोलायच्या आधीचं. मोठ्याने म्हणून बघ. मनातल्या मनात नको, खोलीचं दार लावून, आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा मराठीत म्हणताना तुझाच आवाज फुटेल, दुसऱ्यांदा कमी फुटेल. मग तिला, म्हणजे तुझ्या पार्टनरला, समोर बसवून म्हण. कारण हे तिच्याबद्दलही आहे आणि तिच्या घरी काय माहीत आहे काय नाही हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. तिचं नाव, ती कुठली, कुठे काम करते हे तुझ्या आईला कळलं तर ते गावात तिच्या घरापर्यंत पोचू शकतं का, हे तिला विचार. आणि हेही विचार की तुझ्या घरी तिचा उल्लेख काय म्हणून झालेला तिला चालेल, मैत्रीण, पार्टनर, जोडीदार, की नुसतं नाव. तिने जो शब्द सांगितला तोच आईसमोर वापर.